चंद्राचा फोटो आणि मधली हवा

१८७४ साली लंडनमध्ये जेम्स नॅस्मिथ आणि जेम्स कार्पेंटर यांचं ‘द मून’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यातली चंद्रावरच्या विवरांची आणि डोंगरांची चित्रं आजही नजर खिळवून ठेवतात. कड्याची टोकदार सावली विवराच्या तळावर लांबवर पडली आहे, मधोमध एखादं शिखर उजळून निघालं आहे. पण त्यातले सर्वांत ठळक फोटो चंद्राचे नाहीत. नॅस्मिथने वर्षानुवर्षं दुर्बिणीला डोळा लावून चंद्राची रेखाटनं केली, त्यांवरून प्लास्टरचे उठावदार नमुने घडवले, ते नमुने तिरप्या उन्हात ठेवले आणि मग त्यांचे फोटो काढले. हा माणूस म्हणजे वाफेच्या घणासाठी नावाजलेला इंजिनिअर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त होऊन त्याने उरलेलं आयुष्य बरंचसं आपल्या या छंदाला दिलं होतं. चंद्राचा पहिला फोटो निघाल्याला तोवर ३४ वर्षं झाली होती आणि लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानांत चंद्राचे फोटो विकतही मिळत होते. तरीही त्याला प्लास्टरकडे वळावं लागलं, कारण दुर्बिणीतून डोळ्याला जे दिसत होतं ते काचेवर उतरत नव्हतं. चंद्राच्या छायाचित्रणाचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात या कबुलीपासून करायला हवी, असं मला वाटतं.

हा इतिहास सहसा साधनांच्या वाढीचा म्हणून सांगितला जातो. आधी छोटं भिंग, मग मोठा आरसा, मग डोंगरावरची वेधशाळा, शेवटी यान, आणि या सगळ्याच्या कडेला कुठेतरी अंगणात किंवा गच्चीवर छोटी दुर्बीण मांडून बसलेला हौशी माणूस, मोठ्यांनी कधीच करून सोडलेलं काम पुन्हा गिरवणारा. ही मांडणी मला चुकीची वाटते. चंद्राच्या फोटोतला खरा अडसर अंतराचा नव्हता आणि प्रकाशाच्या कमतरतेचाही फार काळ राहिला नाही. अडसर होता तो मधल्या हवेचा. हवेपुढे पैसा आणि आकार यांचं बळ ठरावीक मर्यादेपर्यंतच चालतं. तिथे उपयोगी पडतो तो मोकळा वेळ, पुन्हापुन्हा प्रयत्न करण्याची तयारी आणि काढलेल्या फोटोंपैकी बहुतेक टाकून देण्याचं धैर्य. या तिन्ही गोष्टी वेधशाळेपेक्षा हौशी माणसाकडे अधिक असतात, म्हणून हे काम पहिल्यापासून मुख्यतः त्याचंच राहिलं.

हवेचा हिशेब आधी मांडू. चंद्राचं बिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद, म्हणजे १८०० विकला. त्या अंतरावर एका विकलेत चंद्रावरचे सुमारे १.९ किलोमीटर मावतात. २० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण तत्त्वतः ०.६ विकलेपर्यंतचा तपशील दाखवू शकते, म्हणजे एक किलोमीटरच्या आसपासचं विवर. पण वर थंड-गरम हवेचे थर सतत एकमेकांत मिसळत असतात आणि त्यांतून येणारं चित्र वाहत्या ओढ्याच्या तळाशी दिसणाऱ्या खड्यांसारखं हलतं. आकाशनिरीक्षक याला ‘सीइंग’ म्हणतात. साधारण रात्री सीइंग दीड-दोन विकला असतं, म्हणजे तीन-चार किलोमीटरच्या आतलं सगळं एकमेकांत मिसळून जातं. सुमारे १०० किलोमीटर रुंदीचं प्लेटो विवर याची परीक्षा घ्यायला उत्तम. त्याचा काळसर, सपाट तळ एरवी कोरा दिसतो. त्यावर दोनेक किलोमीटरची काही चिमुकली विवरं आहेत. नेत्रिकेला डोळा लावून बसलं की ती एखाद्या क्षणी टिपक्यांसारखी उमटतात आणि लगेच पुसली जातात. डोळा आणि मेंदू मिळून तो क्षण पकडून ठेवतात आणि मधले सगळे धूसर क्षण सोडून देतात. फोटोची काच तसं करत नाही. एक्स्पोजरच्या काळातलं चांगलं-वाईट सगळं ती एकावर एक साठवते. नॅस्मिथचा डोळा जिंकत होता आणि काच हरत होती, ती यामुळे.

पहिल्या प्रयत्नात तर हा शत्रू ध्यानात येण्याआधीच दुसरे दोन उभे होते. फोटो काढण्याची दागेरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि १८४० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी तिथल्या विद्वत्सभेला चंद्राचा डॅगेरोटाइप काढल्याचं सांगितलं. बिंब इंचभर, एक्स्पोजर २० मिनिटं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दर दोन मिनिटांत आपल्या रुंदीएवढा सरकतो, म्हणजे वीस मिनिटांत दहा चंद्रांएवढा. शिवाय ताऱ्यांच्या तुलनेत त्याची स्वतःची चाल वेगळी, सेकंदाला सुमारे अर्धी विकला. त्यामुळे ताऱ्यांसाठी लावलेलं घड्याळही त्याला पुरत नाही. वीस मिनिटांत ही चूकच बिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. त्या चित्रात काळे डाग आणि उजळ भाग एवढंच ओळखू येणं शक्य होतं. तरी चंद्राचा प्रकाश काही उमटवू शकतो हे सिद्ध झालं, आणि ते सिद्ध करणारा माणूस कोणत्याही वेधशाळेच्या नोकरीत नव्हता.

खरी गोष्ट सुरू होते ती वॉरन द ला रू यांच्यापासून. हे लंडनचे कागद आणि छपाईचे कारखानदार. १८५१ च्या लंडनमधल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कंपनीचं पाकिटं बनवणारं यंत्र मांडलेलं होतं. त्याच प्रदर्शनात बोस्टनचा छायाचित्रकार जॉन व्हिपल याने हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून काढलेला चंद्राचा डॅगेरोटाइप होता. तो पाहून द ला रू यांनी स्वतःच चंद्राचे फोटो काढायचं ठरवलं. १३ इंच व्यासाचा, १० फूट नाभीय अंतराचा धातूचा आरसा त्यांच्याच कार्यशाळेत तयार झाला होता. दुर्बिणीला चालवणारं घड्याळ मात्र नव्हतं. त्यावर १८५२ मध्ये त्यांनी काढलेला उपाय जवळून पाहण्यासारखा आहे. काच धरणारी चौकट त्यांनी चंद्राच्या चालीच्या दिशेने सरकेल अशी बसवली आणि ती हाताने सरकवत नेली. नुकत्याच निघालेल्या कलोडियन या द्रावाचा पातळ थर काचेवर ओला असताना थोडा पारदर्शक असतो, म्हणून मागून पाहिलं की चंद्राचं बिंब त्या थरातून दिसतं. एखादं विवर तारेच्या खुणेवर धरून ठेवायचं आणि दहा ते तीस सेकंद श्वास रोखल्यासारखी चौकट सरकवायची. त्याआधी अंधाऱ्या खोलीत काचेवर द्राव ओतून ती चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ती सुकायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुऊन घ्यायची. एका काचेसाठी एवढा खटाटोप, आणि हवा साथ देईल याची खात्री नाही. पुढे घड्याळ येईपर्यंत त्यांनी हे काम थांबवलं आणि १८५७ मध्ये लंडनबाहेर क्रॅनफर्डला नव्याने सुरू केलं.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाची वाटते ती मागून पाहण्याची युक्ती. काचेच्या मागे माणूस स्वतः बसला आहे, डोळ्याने पाहतो आहे आणि त्याप्रमाणे हात चालवतो आहे. अमेरिकेतही तेच घडत होतं. वकिली सोडून आकाशाकडे वळलेल्या लुईस रदरफर्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये सेकंड ॲव्हेन्यूवरच्या घराच्या बागेत वेधशाळा उभारली. त्या काळची काच फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागी होत असे आणि डोळ्यासाठी घासलेलं भिंग नेमका तोच प्रकाश नीट एकत्र आणत नसे. डोळ्याला रेखीव दिसणारं चित्र काचेवर धूसर उमटायचं ते यामुळेही. रदरफर्ड यांनी १८६४ मध्ये सव्वाअकरा इंचांचं, केवळ फोटोसाठी घासलेलं भिंग तयार केलं. डोळ्याने पाहायला ते जवळजवळ निरुपयोगी होतं. १८६५ च्या मार्चमधले त्यांचे चंद्राचे फोटो पुढे कित्येक वर्षं उत्तम मानले गेले. आणि पहिल्या ड्रेपरांचा मुलगा हेन्री, पेशाने डॉक्टर, याने हडसनकाठच्या हेस्टिंग्जला काचेवर चांदीचा थर दिलेला साडेपंधरा इंचांचा आरसा स्वतः घासून बसवला आणि १८६३ मध्ये चंद्राची सुमारे १५०० निगेटिव्ह काढली. या १५०० च्या आकड्यापाशी थांबायला हवं. एका चंद्राचे दीड हजार फोटो कोणी संग्रहासाठी काढत नाही. यातली एखादी काच हवा थांबलेली असताना उघडली गेली असेल एवढ्याच आशेवर ते काढले जातात. पुढे संगणकाने जे केलं त्याचं मूळ तत्त्व या आकड्यात आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. कारखानदार, जमीनजुमला असलेला वकील, प्राध्यापकाचा मुलगा, यांना आजच्या गच्चीवरच्या माणसाचे पूर्वज कसं म्हणायचं? त्यांच्या दुर्बिणी त्या काळच्या अनेक सरकारी वेधशाळांच्या तोडीच्या होत्या. हे मान्य करायलाच हवं. एकोणिसाव्या शतकातला हौशी ज्योतिर्विद म्हणजे बहुतेक वेळा सुखवस्तू माणूस. पण त्यांच्या श्रीमंतीने नेमकं काय विकत घेतलं ते पाहिलं पाहिजे. आरसे त्यांनी स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली घासून घेतले. पैशाने मिळाल्या त्या रात्री: कोणाला अहवाल न देता, तारकासूचीचं ठरलेलं काम बाजूला न ठेवता, सलग शेकडो वेळा फसण्याची मुभा. त्या काळी ती मुभा श्रीमंतांनाच परवडत होती, पुढे इतरांनाही परवडू लागली. म्हणून वारसा संपत्तीचा नाही, त्या मुभेचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. व्हिपलचे फोटो हार्वर्डच्या दुर्बिणीतून, तिथले संचालक विल्यम बाँड यांच्यासोबत काढलेले होते. पॅरिस वेधशाळेत लोवी आणि प्युझो यांनी १८९६ ते १९१० या काळात चंद्राचा मोठा छायाचित्र-नकाशासंग्रह काढला. अर्धशतकभर त्याच्या तोडीचं काही नव्हतं आणि असं सलग, पद्धतशीर काम संस्थाच करू शकते. हे मी नाकारत नाही. मात्र पॅरिसलाही वर्षानुवर्षांच्या काचांतून थोड्याच निवडाव्या लागल्या, म्हणजे संस्थेलाही शेवटी हौशी माणसाचीच रीत धरावी लागली. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीची गोष्ट तर फारच बोलकी आहे. त्या आरशाची तात्त्विक क्षमता चंद्रावरच्या शंभर मीटरच्या आतला तपशील दाखवण्याची. फ्रान्सिस पीझ यांनी १९१९ मध्ये त्यातून काढलेले फोटो देखणे आहेत, कित्येक दशकं ते पाठ्यपुस्तकांत छापले गेले, पण त्यातला तपशील त्या क्षमतेच्या कितीतरी अलीकडे थांबतो. आरसा कितीही मोठा केला तरी हवा तीच राहिली.

मग यानं आली. ३१ जुलै १९६४ ला रेंजर ७ ने चंद्रावर आदळण्याआधी ४३०८ फोटो पाठवले. १९६६-६७ मधल्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी जवळपास सगळा चंद्र टिपला. पृथ्वीवरून चंद्राचे फोटो काढण्याचं व्यावसायिक कारण तिथे जवळजवळ संपलं आणि मोठ्या दुर्बिणी दूरच्या दीर्घिकांकडे वळल्या. पुढची तीसेक वर्षं हौशी माणूस फिल्मवर काम करत राहिला. बारीक कणाची कृष्णधवल फिल्म, काळजीपूर्वक फोकस, एका रोलमध्ये ३६ संधी. उत्तम काम करणारे होते, पण काचेची मूळ मर्यादा फिल्मलाही होतीच.

उत्तर गणितात आधीच सापडलं होतं. १९७८ मध्ये डेव्हिड फ्रीड यांनी एक प्रश्न सोडवला: एक्स्पोजर अगदी क्षणभराचं असेल, तर हवेतूनही दुर्बिणीच्या पूर्ण क्षमतेच्या जवळ जाणारं चित्र मिळण्याची शक्यता किती? हवा जेवढ्या रुंदीपर्यंत एकसंध वागते ती रुंदी साध्या रात्री पाचेक सेंटिमीटर, चांगल्या रात्री दहा. दुर्बिणीचा व्यास या रुंदीच्या चौपट असेल तर साधारण तीनातलं एक चित्र चांगलं निघतं. सातपट असेल तर साडेतीनशेत एक. दहापट असेल तर दहा लाखांत एक. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या रात्री २० सेंटिमीटरची दुर्बीण दर काही क्षणांनी आपली पूर्ण ताकद दाखवते, तर अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीला असा क्षण जवळपास कधीच मिळत नाही. यावर कोणी म्हणेल की मोठी दुर्बीण उंच डोंगरावर, चांगल्या हवेत असते आणि तिचं बिघडलेलं चित्रही छोटीच्या बिघडलेल्या चित्राहून वाईट नसतं. बरोबर आहे. छोटी दुर्बीण श्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. हवेने तिच्याकडून कमी हिरावून घेतलं आहे, आणि जे उरलं ते मिळवायला फक्त पुष्कळ क्षण हवेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

२००० च्या आसपास ते क्षण स्वस्त झाले. संगणकावर गप्पा मारण्यासाठी बनवलेले वेबकॅम लोकांनी भिंग काढून नेत्रिकेच्या जागी बसवले. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला दहा फ्रेम. दोन मिनिटांत १२०० चित्रं, म्हणजे हेन्री ड्रेपरच्या सगळ्या मेहनतीच्या जवळ जाणारा आकडा. त्यांतली चांगली निवडून, एकमेकांवर नेमकी बसवून त्यांची सरासरी काढण्यासाठी नेदरलँड्सच्या कोर बेरेव्होट्स यांनी रेजिस्टॅक्स ही प्रणाली लिहिली आणि सर्वांना मोफत दिली. ४०० फ्रेमची सरासरी काढली की कॅमेऱ्याचा गोंगाट विसाव्या हिश्शावर येतो, मग कडा उठावदार करता येतात. प्लेटोच्या तळावरचे जे टिपके नॅस्मिथच्या काळी डोळ्यापुरतेच होते, ते मध्यम दुर्बिणीतून चित्रात उतरू लागले. डोळ्याचं निवडण्याचं काम आता फोटोलाही जमू लागलं.

पण याला फोटो म्हणायचं का, असा प्रश्न विचारणारे आहेत, आणि त्यांची शंका वरवरची नाही. शेकडो फ्रेम मिसळून, गणिताने धार लावून बनवलेलं चित्र नॅस्मिथच्या प्लास्टरपेक्षा वेगळं कशावरून? फरक तपासता येतो. २०२३ मध्ये काही मोबाइलच्या चंद्रफोटोंवरून वाद झाला. एकाने चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावलं, लांबून मोबाइलने त्याचा फोटो काढला, आणि फोटोत विवरं स्पष्ट आली. पडद्यावर नसलेला तपशील मोबाइलने चंद्राच्या आधीच्या ओळखीवरून भरला होता. फ्रेम निवडून बनवलेल्या चित्राला तीच परीक्षा दिली तर ते धूसरच राहील, कारण त्यात फक्त आलेला प्रकाश आहे. धार जास्त लावली तर विवरांभोवती पांढऱ्या कडा आणि खोटी वर्तुळं उमटतात हे खरं. म्हणून चोख काम करणारे त्याच रात्री दुसरी चित्रफीत घेतात आणि दोन्हींत दिसलेलं तेवढंच खरं धरतात. नॅस्मिथलाही मी खोटा म्हणणार नाही. नमुने प्लास्टरचे आहेत हे त्याने लपवलं नव्हतं.

राहता राहिला उपयोगाचा प्रश्न. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाच्या कॅमेऱ्याला अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, मग गच्चीवरून एक किलोमीटरचं विवर टिपून काय मिळणार? बहुतेक फोटोंतून विज्ञानाला काहीच मिळत नाही, हे सरळ मान्य करावं. तरी चंद्राचं रूप प्रकाशावर ठरतं आणि प्रकाश रोज बदलतो. पौर्णिमेला सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा उजळ असतो, पण उजेड-अंधाराच्या सीमेवर प्रत्येक टेकडी उठून दिसते. संकष्टीला ज्या चंद्रोदयाची वेळ घरोघरी कॅलेंडरात पाहिली जाते, त्या चंद्रावर मेअर क्रिसियम या मैदानाच्या आसपास सूर्य मावळत असतो आणि तिथल्या सुरकुत्या त्याच सुमारास दिसतात. चंद्रावरचे ज्वालामुखीजन्य घुमट इतके बसके आहेत की फक्त अशा तिरप्या उजेडात ते सावली टाकतात. त्या सावल्यांवरून हौशी फोटोंच्या आधारे त्यांची उंची मोजली गेली आहे.

शिवाय काही घटना क्षणाच्याच असतात. १५ नोव्हेंबर १९५३ ला ओक्लाहोमातल्या टल्साचे डॉक्टर लिऑन स्टुअर्ट यांनी घरच्या ८ इंची दुर्बिणीतून चंद्राचा फोटो काढला. अंधाऱ्या बाजूजवळ त्यात एक लख्ख ठिपका आला. त्यांच्या मते ती आघाताची चमक होती. फोटो एकच, साक्षीदार दुसरा नाही, त्यामुळे वाद पन्नास वर्षं चालला. २००३ मध्ये दोन संशोधकांनी यानाच्या चित्रांत त्या जागेजवळ एक ताजं विवर दाखवलं, पण तेच विवर माउंट विल्सनच्या १९१९ च्या फोटोत आधीपासून असल्याचं लक्षात आलं. २१ जानेवारी २०१९ च्या खग्रास चंद्रग्रहणात, भारतात सकाळ असताना, युरोप-अमेरिकेत कित्येक जण ग्रहणाची चित्रफीत घेत होते. जागतिक वेळेनुसार ४ वाजून ४१ मिनिटांनी चंद्राच्या कडेजवळ पाव सेकंदाहून जराशी जास्त टिकलेली एक चमक झाली. स्पेनमधल्या संशोधकांच्या दुर्बिणींनी ती टिपली, आणि बातमी पसरल्यावर वेगवेगळ्या देशांतल्या हौशी लोकांनी आपापल्या फ्रेम मागे नेऊन पाहिल्या. चमक त्यांच्याकडेही होती, त्याच क्षणी, त्याच जागी.